चौथा हौद

३ मार्च

सकाळी पोहोचलो. प्रकल्पामागची खोली स्वच्छ आहे, खिडकीतून सहाही हौद दिसतात. शेजारच्या दुग्धशाळेत यंत्रं धुतलेलं पाणी इथे येतं, त्यावर शेवाळ वाढतं आणि शेवाळाच्या तेलाचं डिझेल होतं. इथल्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी स्वतः चहा केला. म्हणाले, दुधावर लेकरं बाळसं धरतात, इथे दुधाच्या धुवणावर डिझेल बाळसं धरतं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

माझ्याआधी या जागेवर माझा भाऊ होता, हे कोणाला सांगितलेलं नाही. जानेवारीत चौथ्या हौदात बुडाला, असं पत्र आलं. देह आला नाही. आई अजून त्याचं ताट वाढते. तिला एकदा काय ते खरं सांगायचं, म्हणून ही नोकरी धरली.

४ मार्च

काठी घालून हौदांची खोली मोजली. ऊन तळापर्यंत पोहोचावं म्हणून सगळे हौद उथळ ठेवतात. चौथाही वीतभरच.

वीतभर पाण्यात पट्टीचा पोहणारा माणूस कसा बुडेल?

८ मार्च

रोज प्रत्येक हौदातल्या पाण्याची बाटली भरून रंगाच्या तक्त्याशी जुळवायची असते. काल दुग्धशाळा बंद होती, शेवाळाला खुराक नाही. आज पाच बाटल्या फिकट निघाल्या, चौथी गडद. मास्तरांना कारण विचारलं. म्हणाले, पाहुणे, पोर बाळसेदार झालं तर कोणी आईला जाब विचारतं का? हसले, पण माझ्याकडे बघतच राहिले.

१२ मार्च

कपाटात जुनी नोंदवही सापडली. भावाचं अक्षर. शेवटची ओळ: बंदच्या दिवसानंतरही चौथा गडद, मास्तरांना विचारलं.

पुढे मास्तरांचं अक्षर. आठवड्याभरात चौथ्याचं उत्पन्न दुप्पट.

मागची पानं उलटली. भावाच्या आधीचा माणूस. हाच प्रश्न. मग मास्तरांचं अक्षर. दुप्पट.

मीही विचारून बसलोय.

१४ मार्च

दुग्धशाळा बंद. सगळ्यांना सुट्टी, मला नाही. मास्तर म्हणाले, चौथ्याचं पाणी ढवळणारं चाक अडकलंय, उतरून बघा. रबरी बूट दिले. अगदी मापाचे. डाव्याच्या आतल्या अस्तराला लाल दोऱ्याचे टाके — आईच्या हातचे.

म्हणाले, धाकट्यालाही हेच बसायचे.

धाकटा. आम्ही घरातच म्हणायचो. मी इथे कधीच —

बूट काढतो म्हणून खोलीत आलो. कडी लावली.

हे बूट आईला नेऊन द्यायचे. मग ताट वाढणार नाही ती. पण असे हिरवे कसे देऊ? नळाखाली धरले. उजवा स्वच्छ झाला. डाव्यातून हिरवं येतंच आहे. नळ बंद केला, तरी —

बाहेर चाक फिरतंय. अडकलं होतं ना?

पुन्हा धुतो. आधी डावा. साबण लावून, आतून नीट घास