खालच्या वस्तीला निरोप

कातळवाडी, चाकणजवळ
दि. १३ एप्रिल २०२५

ती. कोंडीराममामांस,
करिष्माचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की, उद्याची जयंती यंदा तुमच्याशिवाय जाणार. मामी फोनवर सांगत होत्या की कानाचं यंत्र तुम्ही पुन्हा डबीत घालून ठेवलंय. वर म्हणता, कानात कुकरची शिट्टी वाजते. बरं, मग पत्रच लिहिते. फक्त अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

बातमी चांगली नाही. आमचं डिजिटल मदत केंद्र बंद झालं. पंचायतीच्या शिपायाने परवा कुलूप लावलं. संगणक एका कंपनीने दिले होते, माझं मानधन आणि इंटरनेटचं बिलही तीच भरायची. तिच्या कराराची मुदत संपली आणि तिने हात काढून घेतला. सरपंचांना भेटले, तर म्हणाले, आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे, दाखल्यापासून पाणीपट्टीपर्यंत सगळं ॲपवर आलंय, केंद्र हवंय कशाला? गावाला डिजिटल ग्राम म्हणून बक्षीस मिळालं त्याचा फोटो अजून त्याच दारावर आहे.

मामा, दाखले काढून देणं हे तर मी करायचेच. पण गावाच्या ग्रुपवर एखादी सूचना आली, की ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्या एकेकाला मी फोन लावून सांगायचे. पंचायतीने आपला भोंगा उतरवला तेव्हापासून खालच्या वस्तीला निरोप जायचा तो असाच. आता तो कोण देणार, असं विचारलं तर उत्तर मिळालं, शेजारीपाजारी सांगतात की एकमेकांना.

खालची वस्ती म्हणजे ओढ्याकाठची. लग्नानंतर मी आणि संघर्ष तिथेच यशोदाबाई आणि हिंदुरावांच्या खोलीत भाड्याने राहायचो. तुम्ही आला होतात तेव्हा यशोदाबाईंनी तुम्हाला बळेच तिसरी भाकरी वाढली होती. त्यांची शेती कारखान्यांखाली गेली, आता कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या हाच आधार. काल त्या केंद्राच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, पोरी, आमाला त्या फोनातलं काय बी कळत न्हाई, तू हायेस म्हून चाललं व्हतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

घर तर चालायला हवं. पुढच्या आठवड्यापासून महाळुंग्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला जाणार आहे. संघर्षची शिफ्ट माझ्याशी जुळली तर एकत्र जेवू, नाहीतर दारातच भेटायचं. तुम्ही ग्रामसेवक म्हणून आयुष्य काढलंत. यातून काही वाट निघते का, ते लिहा.

मामींना जयभीम. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
करिष्मा


सावरखेडा, जि. हिंगोली
दि. २६ एप्रिल २०२५

चि. करिष्मास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षराबद्दल काही बोलायचं नाही असं तुझंच फर्मान आहे, म्हणून एवढंच सांगतो की तुझ्या मामीने, प्रभावतीने, आणि मी मिळून ते वाचलं आणि दोन ठिकाणी आमचं भांडण झालं.

आता कामाचं. उद्घाटनाला मंडप भरतो, दुसऱ्या वर्षीच्या वीजबिलाला कुणी येत नाही, हे मी नोकरीभर पाहिलं. कंपनीने दिलेलं कंपनीबरोबर जातं. जे टिकवायचं ते पंचायतीच्या स्वतःच्या वार्षिक आराखड्यात लिहिलं गेलं पाहिजे. दिवाबत्ती, नळपाणी जसं असतं तसं. तुमच्या पंचायतीला कारखान्यांची घरपट्टी मिळते, ती काही गरीब पंचायत नाही. लेखी अर्ज दे, पोच घे, आणि हा विषय ग्रामसभेपुढे घ्या असं त्यात स्पष्ट लिही. एकटी जाऊ नकोस, चार बायका बरोबर घे.

आणि केंद्राचं व्हायचं तेव्हा होईल, भोंगा मात्र पावसाळ्याआधी परत चढवायला सांग. मला ऐकू येत नाही, पण बहिऱ्यालासुद्धा गडबड कळते. लोक पळताना दिसतात. फोनवरची सूचना कुणाला पळवत नाही.

इकडे बँक माझी ओळख पटवायला आकडा फोनवर बोलून सांगते. मी ऐकू शकत नाही, प्रभावती ऐकते आणि उलटा सांगते. आमचं खातं बहुधा आमच्यावरच संशय घेत असावं.

प्रकृतीला जप. संघर्षरावांना जयभीम. आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कोंडीराममामा


कातळवाडी
दि. ११ जुलै २०२५

ती. मामांस,
करिष्माचा सविनय जयभीम. वि. वि.

मामा, यशोदाबाई गेल्या.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. भोंग्याचं विचारलं तर हसून म्हणाले, आता कुठे जुन्या जमान्यात जायचं.

गेल्या आठवड्यात पाऊस थांबेचना. दुपारी वरच्या पाझर तलावाचा बांध खचायला लागला. पंचायतीने ग्रुपवर टाकलं की ओढ्याकाठच्या रहिवाशांनी तात्काळ सुरक्षित स्थळी जावं. तेव्हा मी लाइनवर उभी होते. आमच्याकडे आत जाताना फोन गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. हिंदुराव डोळ्याच्या औषधासाठी चाकणला गेले होते. यशोदाबाईंकडे बटणांचा फोन, त्यावर ग्रुप नाही. आणि खोल्यांमधली सगळी माणसं रात्रपाळी करून आलेली, फोन बंद करून गाढ झोपलेली.

पुढचं मला सुजितने सांगितलं. हा नांदेडकडचा, वेल्डिंगचं काम करतो, यशोदाबाईंच्याच एका खोलीत भाड्याने राहतो. पत्र्याच्या दारावर दणादण काहीतरी आपटल्याने तो जागा झाला. बाहेर यशोदाबाई, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात धुणं बडवायचं धोपाटणं. उठा रं, पानी आलं, रस्त्याला पळा, असं ओरडत त्या एकेक दार बडवत चालल्या होत्या. सुजितने त्यांना ओढून न्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्यालाच ढकललं. शेवटच्या खोलीतला अजून उठला नाही म्हणाल्या. सगळे रस्त्यावर चढले. सुजित मागे वळला तेव्हा त्या शेवटचं दार बडवत होत्या आणि पाणी कमरेला होतं. मग ती भिंतच गेली.

त्या खोलीत कुणी नव्हतं, मामा. तो माणूस सकाळीच गावी गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुढच्या कारखान्याच्या कुंपणापाशी, मोरीच्या तोंडाला त्या सापडल्या. हिंदुरावांनी ओळख पटवली. रडले नाहीत. त्यांचा पदर सरळ करत राहिले.

तालुक्याहून साहेब आले. पंचायतीने त्यांना फोन दाखवला. सूचना वेळेत प्रसारित करण्यात आली होती, असं अहवालात लिहून झालं. सूचना पोहोचलेल्यांत माझंही नाव होतं.

मला कामावर जावंसं वाटत नाही आणि घरीही बसवत नाही. संघर्ष नुसता जवळ बसतो. जास्त लिहवत नाही.

तुमची,
करिष्मा


सावरखेडा
दि. २० जुलै २०२५

चि. करिष्मास,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र वाचून प्रभावती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या माउलीच्या हातची भाकरी मी खाल्ली आहे. तिला आमची दोघांची आदरांजली.

तू स्वतःला लावून घेते आहेस ते मला अक्षरावरून दिसतं. निरोप पोहोचवणं हे एक काम होतं. ते करायला माणूस होतं. पंचायतीने त्या माणसाला घरी बसवलं आणि कामाला कुलूप घातलं. संदेश पाठवणं वेगळं आणि निरोप पोहोचणं वेगळं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. निरोप पोहोचला का, हे त्यांनी विचारलंच नाही.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होईल. तिथे रडायचं असेल तर रड, पण ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस. केंद्र कोणाच्या पैशातून, त्यात कोण बसणार, साधा फोन असलेल्यांना कोण कळवणार, भोंगा कोण वाजवणार, हे एकेक वाक्य लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्या. मी आलो असतो, पण गुडघा बसमध्ये चढू देत नाही.

जेवत जा. पत्र पाठवत राहा, एका ओळीचं असलं तरी.

तुझा,
कोंडीराममामा


कातळवाडी
दि. १९ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
करिष्माचा सविनय जयभीम. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नका. ग्रामसभेचं सविस्तर लिहायचं होतं.

आमचा विषय शेवटी ठेवला होता, आणि तिथपर्यंत पोचल्यावर वेळ संपली म्हणाले. बायका उठल्याच नाहीत. सुजित बोलायला उभा राहिला, तर एकाने त्याला खाली बसायला सांगितलं. भाडेकरूंची नावं इथल्या मतदार यादीत नाहीत, त्यांना सभेत बोलता येणार नाही, असं कारण दिलं. तो बसला नाही. म्हणाला, पाणी आलं तेव्हा यादी कुणी विचारली नव्हती, बाईंनीसुद्धा नाही. मग हिंदुराव उठून त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यानंतर त्याला बसवायची कुणाची हिंमत झाली नाही.

ठराव झाला. तुम्ही सांगितलेलं एकेक वाक्य मी वाचून घेतलं. केंद्र पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून चालणार, भाडेकरूंचेही फोन नोंदवायचे, भोंगा परत. सरपंचांनी सगळ्यात शेवटी हात वर केला. पण सगळं मार्चपर्यंतच. पुढच्या वर्षी पुन्हा आराखड्यात घालून घ्यावं लागणार, आणि तेव्हा एवढी माणसं येतील की नाही, मला ठाऊक नाही. केंद्र पुन्हा माझ्याकडेच आहे, पण मानधन पूर्वीपेक्षा कमी. संघर्ष आधी चिडला, कारखाना सोडून हे कशाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून भोंग्याची वायर घेऊन तोच पंचायतीच्या छपरावर चढला.

आता मी दुपारी केंद्रात बसते आणि सकाळी खोल्याखोल्यांतून फिरते. केंद्रात न येणारीच माणसं जास्त, त्यांच्याकडे आपणच जावं लागतं. काही जण नंबर देत नाहीत. मला कर्जवसुलीवाली समजतात.

परवा पुन्हा जोराचा पाऊस झाला. सूचना आली तशी मी भोंग्यावरून सांगितलं, मग एकेकाला फोन लावला. खालची सगळी वस्ती शाळेत येऊन बसली. ओढा काठाशी येऊन थांबला. काही जण कुरकुरले, उगीच झोप मोडली म्हणाले. मला त्याचं बरंच वाटलं.

फक्त हिंदुराव आले नव्हते. फोन वाजत होता, उचलत नव्हते. मी आणि सुजित खाली गेलो. ते पडलेल्या भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसले होते. मी म्हटलं, भोंगा ऐकू नाही आला का? म्हणाले, आला की, चांगला आला. मग त्यांनी मला विचारलं, त्या दिशी आसं कुनी का न्हाई सांगितलं?

मामा, तुम्ही लिहिलेलं सगळं मला पाठ आहे. तरी माझ्या तोंडून एवढंच आलं, की त्या दिवशी सांगायचं काम कुणाकडेच नव्हतं.

ते म्हणाले, मंग तिच्याकडं कुनी दिलं व्हतं?

सुजितने त्यांना काखेत धरून उठवलं आणि आम्ही तिघं वर आलो.

मामींना जयभीम. गुडघ्याला शेक देत जा. आणि आमच्यावरचा जीव काढून घेऊ नका, सध्या त्यावरच चाललंय.

तुमची,
करिष्मा