रान-ऑर्किडचे शिबिर रद्द होणे व अर्जदारास रानबंदी मिळणेबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
वन कार्यालय.

विषय: येत्या रविवारचे ऑर्किड छायाचित्रण शिबिर रद्द करून अर्जदारास रानात प्रवेशबंदी करणेबाबत.

संदर्भ: माझा मागील अर्ज व त्यास आलेले आपले अभिनंदनपर उत्तर.

महोदय,

आपल्या खुर्चीमागे भिंतीवर पांढऱ्या रान-ऑर्किडचा जो मोठा फोटो आहे, तो मी काढलेला आहे. येईल त्या पाहुण्याला आपण तो उठून दाखवता, असे आपले शिपाई सांगतात. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

१. माझा धंदा पासपोर्ट फोटोचा. गिऱ्हाइकाची कॉलर सरळ केल्याशिवाय, कपाळावरची बट मागे सारल्याशिवाय मी बटण दाबत नाही. गेल्या वर्षी त्या फुलासमोर गुडघे टेकले तेव्हाही माझे हात शिवशिवले. भोवती गवत माजले होते. पत्नीच्या शिवणाच्या कात्रीने मी ते बुडापासून साफ केले. पार्श्वभूमी झकास आली. फोटोला पहिले बक्षीस व मला 'वनमित्र' ही पदवी मिळाली.

२. आठवड्याने पुन्हा गेलो, तर देठ आडवा पडलेला. त्या नाजूक देठाला चहूबाजूंनी गवतानेच धरून ठेवले होते, हे मला तेव्हा कळले. फूल मातीत गेले, बी धरलेच नाही. घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, त्या फुलाला काय परदेशी जायचं होतं?" तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

३. मागील अर्जात मी शिक्षा मागितली होती. साधे गवत कापणे गुन्ह्यात बसत नाही, सबब अर्जदाराने शिबिरात मार्गदर्शन करावे, असे आपण कळवले. चाळीस जणांनी नावे दिली आहेत. साहेब, चाळीस जण म्हणजे चाळीस कात्र्या.

४. यंदा जुन्या जागेजवळ एकच रोप वर आले आहे व त्याला एकच कळी आहे. सगळा उतार पालथा घातला, दुसरे दिसले नाही. तरी ती जागा बंद करावी. जागा कोणती, हे मात्र मी सांगणार नाही. सांगितली तर आपले कार्यालय तिथे बाण काढलेली पाटी लावेल. तेव्हा गैरसोय सोसून आख्खा डोंगरच बंद करावा, ही विनंती.

५. बंदी प्रथम मला करावी. काल मी नुसते पाहायला गेलो होतो. कळीवर गवताचे एक पाते आडवे आले होते. माझा हात आपोआप पुढे गेला. तो मी दुसऱ्या हाताने धरला आणि तसाच खाली उतरून आलो. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

भिंतीवरचा फोटोही कृपया उतरवावा. मागे चौकोनी डाग राहील, तो पाहुण्यांना दाखवावा.

आपला नम्र, परंतु 'वनमित्र' म्हणवून घेण्यास नालायक,
(सही)
मालक, बसस्थानकासमोरील फोटो स्टुडिओ
दिनांक: शिबिराच्या आधीचा सोमवार

सोबत:
१. पदवीचे प्रमाणपत्र, मूळ प्रत.
२. कात्री, एक. (बहर सरल्यावर पत्नीकडे द्यावी, माझ्याकडे नको.)
३. यंदाच्या कळीचा फोटो. (काढलेला नाही.)