चाळीस मायक्रोसेकंद

४ फेब्रुवारी
चाळीस मायक्रोसेकंद! म्हणे चाळीस! मेहुण्याने आज प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसमोर आकडा असा ठेवला, जणू घरून डब्यातच आणला होता. गॅलियम आर्सेनाइड क्रिस्टलचा तोच तुकडा, तोच लेझर — मी चार मिलिसेकंद मोजलेत. शंभरपट फरक!
मी इथे अठरा वर्षं. हा बायकोचा धाकटा भाऊ, आठ महिन्यांचा. त्याला इथे चिकटवला कोणी? मीच. भोगा आता.

५ फेब्रुवारी
काम काय, तर दोन किरण क्रिस्टलमध्ये भेटतात, उजेड-अंधाराचे बारीक पट्टे पडतात, त्यांचा ठसा आत उमटतो — झाला होलोग्राम. ठसा किती लवकर उमटतो, जुना पुसून नवा किती लवकर येतो, एवढंच मोजायचं.
मेहुण्याला म्हटलं, "मिली आणि मायक्रोत गल्लत झाली असेल, बघ." तर हसला!
"भाऊजी, तुमचा किरण पसरट आहे. टाचणीच्या डोक्याएवढा आवळून बघा. उजेड दाट, तर ठसा झटपट."
"आणि क्रिस्टल तडकला की?"
"माझा नाही तडकला."
मला शिकवतो. मला!

६ फेब्रुवारी
किरण आवळून बघितला नाही. बघणारही नाही.

९ फेब्रुवारी
जेवताना बायको म्हणाली, "एकदा त्याच्यासारखं करून बघितलं तर तुमचं काय जातं?"
"प्रयोगशाळेत तू आहेस का मी?" ताट सरकवून उठलो.
तेव्हापासून अबोला. मीठ हवं तर भिंतीला सांगायचं.

११ फेब्रुवारी
गुरुवारी बाहेरचे पाहुणे. प्रात्यक्षिक मेहुणा करणार. आणि मी? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जरा खुर्च्यांचं बघा." अठरा वर्षं त्या टेबलाचे स्क्रू मी आवळले — मी खुर्च्या बघू!

१४ फेब्रुवारी
केलं. लिहून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल.
आमचं टेबल हवेवर तरंगतं. पायांत दाबाची हवा भरलेली, म्हणून खालच्या मजल्यावरच्या पंपाचे हादरे वर पोचत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. मी वाकून दोन पायांची हवा सोडली. फुस्स! टेबल हललं की पट्टे हलणार, ठसा पुसणार — हलत्या हाताने काढलेल्या फोटोसारखा. पडद्यावर काही म्हणता काही दिसणार नाही. पडेल तोंडावर.
पाहुणे बसले. लेझर लागला. पडद्यावर एका किल्लीचं चित्र आलं. खाली पंप सुरू झाला, टेबल गुरगुरलं.
किल्ली जरा थरथरली. आणि राहिली! लख्ख! पट्टे हलत होते आणि ठसा त्यांच्या मागोमाग धावत होता. जुना पुसतोय, नवा उमटतोय — डोळ्याला पत्ता नाही. चार मिलिसेकंदवाल्याला हे जन्मात जमलं नसतं. त्याचा आकडा खरा ठरवला, तो मी. स्वतःच्या हाताने.
टाळ्या. मग मॅडमची नजर दाबाच्या काट्यावर गेली. "हे काय? हवा कोणी सोडली?"
मी खुर्च्या मोजत राहिलो.

१५ फेब्रुवारी
दार लावून किरण आवळला. त्रेचाळीस मायक्रोसेकंद. क्रिस्टल तडकला नाही.
आकडा लिहिलेला कागद फाडला. मॅडमनी अजून बोलावलेलं नाही. का नाही?

१८ फेब्रुवारी
शोधनिबंधाचा मसुदा सहीला आला. त्यात एक ओळ: 'हादऱ्यांच्या कसोटीची कल्पना' — आणि पुढे माझं नाव!
मेहुण्याला गाठलं. "हे काय?"
"मॅडमनी विचारलं, हवा कोणी सोडली. म्हटलं, भाऊजींनी. मुद्दाम, कसोटी म्हणून."
"तुला कोणी सांगितलं?"
"तुम्ही वाकला होता, तेव्हा मी दारातच होतो."
इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.
सही केली.