कॉलर खाल्लेला कोट

अप्पा, आज शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाई तुमचा कोट घालून आल्या. तुमचाच म्हणावा असा. तसाच तपकिरी, कमरेला आत घेतलेला आणि गळ्याभोवती केसाळ कॉलर. बिदरला यंदा थंडी चांगली पडली आहे, त्यामुळे स्टाफरूममध्ये सगळ्याजणी त्यांच्याभोवती जमल्या. जुन्या पद्धतीच्या अशा जॅकेटची आता फॅशन आहे म्हणे. मोबाइलवर मागवलं, आणि फर खोटी आहे हे बाईंनी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मी कॉलरवरून हात फिरवला आणि मला हसू आवरेना. "का हो, इतकं वाईट दिसतंय का?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, झकास दिसतंय. फक्त मेंढरांपासून जपा." कुणालाच काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

तुमचा कोट हुलसूरच्या बाजारातला. जमिनीवर ताडपत्री आणि तिच्यावर कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग. तुम्ही आला होता दोरखंड घ्यायला. पण त्या ढिगातून ती कॉलर डोकावत होती आणि तुमचे पाय तिथेच थांबले. विकणारा लगेच म्हणाला, "अप्पा, फारेन का माल है, पैनो तो सई! एकदम साब दिखते!" तुम्ही धोतरावर, पटक्यासकट तो कोट घातला आणि मला विचारलंत, "कसा दिसायलाव?" मी म्हटलं, "तहसीलदार." बस, दोरखंड राहिला. घरी आईने कोट उलटापालटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अवो, हे बायामानसाचं हाय. गुंड्या बघा की, उलट्या बाजूला." तुम्ही शांतपणे एकेक गुंडी लावत म्हणालात, "थंडीला कुठं कळतंय गुंडी कुठल्या बाजूला हाय ते?"

त्या हिवाळ्यात घरात माझाच विषय चालू होता. मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते आणि मला डिग्रीसाठी कलबुर्गीला जायचं होतं. आपल्या घरात तोवर दहावीच्या पुढेही कोणी गेलं नव्हतं. थोरल्या काकांनी मंठाळचं एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि काकांचा शब्द तुम्ही कधी मोडला नव्हतात. मी भाकरी थापताना हात चुलीपाशी आणि कान ओसरीत ठेवून बसायची. तुम्ही काही बोलायचाच नाहीत. हो नाही आणि नाही नाही.

आणि मग ती सकाळ. तुम्ही कोट घालून मेंढरांभोवतीची जाळी उचलता. दारात मी, आई आणि चहाची बशी हातात धरलेले काका. तुम्ही रोजच्यासारखी हाळी देता आणि पहिल्या मेंढीची नजर त्या कॉलरवर पडते. पुढचं सांगायला नको. लांडगा शिरावा तशी सगळी मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून उधळली, कुणी कडब्याच्या गंजीवर, कुणी शेजाऱ्याच्या तुरीत. आपलाच कुत्रा तुमच्यावर भुंकायला लागला. काकांच्या बशीतला चहा हसून हसून सांडला. हसणं थांबल्यावर मात्र ते म्हणाले, "बघ. त्या कोटात तुला तुझीच मेंढरं वळखनात. पोरगी कलबुर्गीला जाऊन शिकून आली की ती तुला वळखंल व्हय?" माझं हसू जागच्या जागी थिजलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बघू की, अण्णा."

कोट काढला असता तर काम झालं असतं. तुम्ही काढला नाहीत. शेजाऱ्याच्या तुरीतून मेंढरं आम्ही बायकांनी हाकलली, आणि तुम्ही पड रानात जाऊन मेंढरांकडे पाठ करून बसलात. काठी बाजूला ठेवलेली. मधूनमधून हाळी, जशी रोज देता तशीच, मोठी नाही, रागाची नाही. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बांधावर बसले होते, पण एक अक्षर डोक्यात गेलं नाही. ऊन वर आलं तशी मेंढरं चरत चरत जवळ आली. मग ती म्हातारी मेंढी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, अगदी मागे येऊन उभी राहिली. तिने तुमची मान हुंगली. आणि कॉलर खायला लागली. तुम्ही हललाही नाहीत! तिचं पोट भरेस्तोवर बसून राहिलात.

संध्याकाळी अर्धं टक्कल पडलेली कॉलर काकांपुढे धरून तुम्ही म्हणालात, "अण्णा, वळखलं बघ. वळखून वर न्याहारीबी केली."

"आन् पोरगीचं?"

"मेंढरं पळाली म्हनून मी काठी घिऊन मागं लागलो का? तिच्याबी लागनार न्हाई."

"आन् न्हाई आली तर?"

"तर मी जातो की ती आसंल तिथं. बस हाय कलबुर्गीला."

काकांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "जा बाबा, काय करायचं ते कर. पर तिकडं जाताना तेवढा कोट नगं घालू." मंठाळचं स्थळ त्या दिवसानंतर कुणी काढलं नाही.

तुम्ही कोट घालूनच आलात. दर वेळी, कलबुर्गीच्या उन्हातसुद्धा. हॉस्टेलच्या मुली तुमची वाट बघायच्या. शेवटच्या वर्षी तुम्ही यायचे थांबलात आणि मग गेलातच. डिग्रीचा कागद तुम्हाला दाखवता आला नाही, याबद्दल मी आता रडत नाही. तो मिळणार हे माझ्याआधी तुम्हालाच ठाऊक होतं.

दिवाळीत काका नातीला घेऊन बिदरला आले होते. तिलाही कलबुर्गीला शिकायचं आहे, कॉलेज मी दाखवावं म्हणून आलेले. मी मुद्दाम विचारलं, "काका, आन् शिकून आल्यावर तिनं न्हाई वळखलं तर?" ते चपला काढता काढता म्हणाले, "गप गं. तुझ्या बापागत बोलायलीस." अप्पा, मला अख्ख्या नोकरीत एवढं मोठं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते ठीकच आहे. पण एक कबूल करते. आता लिहून झाल्यावर पाहिलं तर सगळं पुस्तकी मराठीत उतरलंय, शाळेत फळ्यावर लिहिते तसं. क्षणभर वाटलं, काका अगदीच चुकले नव्हते. मग दार लावून तुमच्यासाठी मोठ्याने वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या ओळीपासूनच जीभ घरच्या वळणावर गेली. कागदावर जसं लिहिलंय, तसं फारसं काही मी वाचलंच नाही.