ग्रामसभेतला तुझा अंगठा

याडी, माझे आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात तू ग्रामसभेला हजर होतीस. थट्टा करत नाही. रजिस्टरात तुझं नाव आहे, पुढं निळा अंगठा आहे आणि वर ठराव आहे, की तांड्यामागची ई-क्लासची सरकारी जागा, जिथं तू शेळ्या चारायचीस, ती गिट्टीच्या खदानीला द्यायला आमची कोणाचीच हरकत नाही. खाली माझीही सही आहे. त्या दिवशी मी सातासमुद्रापार तुझ्या पणतूला खेळवत होतो. एक मेलेली, एक परदेशात, आणि दोघंही सभेत बसून माना डोलवताहेत! पंचायतीच्या पायरीवरच बसलो.

तिकडं तुझा नातू मला एकदा त्यांच्या गावच्या सभेला घेऊन गेला होता. विषय काय, तर तळ्याकाठचं एक बाकडं हलवायचं की नाही. दीड तास, याडी, एका बाकड्यासाठी! मला हसू आवरेना. मग काठी टेकत एक म्हातारी उठली. ती काय बोलते ते मला कळत नव्हतं, पण गावचा मुख्य माणूस लिहून घेत होता, ते दिसत होतं. मधेच ती विसरली, तर तिला आठवेपर्यंत सगळी सभा गप्प बसली. शेवटी त्याच मुख्य माणसानं खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या. माझं हसू कधीच जिरलं होतं, कारण मला तू दिसत होतीस. आपल्या ग्रामसभेत शाळेसमोर उभी आहेस, डोक्यावर पदर, हातात शेळ्या हाकायची काठी. बाप तांड्याचा नायक, खाटेवर बसलेला. तू म्हणते आहेस, "थे जागा कोनाले देऊ नका. शेळ्या कुठं नेवाच्या आमी?" माणसं हसतात. बाप नुसता माझ्याकडं बघतो. मी कॉलेजात जाणारा, नवी पॅन्ट घातलेला. उठतो, तुझा दंड धरतो आणि म्हणतो, "घरी चाल. मले लाज वाटून राह्यली." तू आलीस. चुलीपाशी बसून भाकरी थापल्यास आणि पहिली माझ्याच ताटात टाकलीस. पुन्हा कधी सभेला गेली नाहीस. त्या पोराच्या मुस्काटात मारावंसं वाटतं मला.

तुझा धाकटा आता सरपंच आहे. रजिस्टराच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तणतणत त्याच्या घरी गेलो. "माही सही कोनं केली?"

"मीच. तू घरचाच हायस ना," तो चहा फुंकत म्हणाला. "त्यासाठी तिकडं फोन कराचा का?"

"अन् याडीचा अंगठा?"

त्यानं आपला डावा अंगठा वर करून दाखवला. "बापाच्या टायमापासून असंच चालते, दादा. सभा कोन भरवते? रजिस्टर घरोघर फिरते. तूबी आजवर न वाचता सह्या ठोकत आला. आताच काहून? इमानात बसून आला तं लय शाना झाला का?"

खोटं बोलत नव्हता तो. म्हणून मी आणखीच ओरडलो, "येत्या सभेत तू ठराव कायम करशीन अन् मशीन लावशीन. मी उभा राहून सांगतो, याडी मेली हाय, ठराव खोटा हाय!"

त्यानं कप खाली ठेवला. "सांग ना. पन मंग तिचं राशन कोन उचलते, थेबी सांग."

अरे बाप्पा! मीच उचलतो, याडी. कार्डावरचं तुझं नाव मी कमीच केलं नाही. दर महिन्याला मशीनवर माझा अंगठा लागतो आणि तुझ्या वाट्याचे गहू-तांदूळ माझ्या घरी येतात. तुला कागदावर जिवंत ठेवलं ते मी. भावानं त्या जिवंत बाईला फक्त सभेला नेलं. येताना विमानात मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो, आपले पुढारी असे, आपली माणसं तशी. त्या माणसांत मी स्वतःला कुठंच धरलं नव्हतं.

उद्या सभा आहे. आज आर्णीला तहसिलीत जाऊन कार्डावरचं नाव कमी करायचा अर्ज आणला. उद्या आधी राशनचं सांगणार, मग अंगठ्याचं. हसतील लोक, हसू दे. पण अर्ज भरायला बसलो आणि 'मृत्यूची तारीख' या रकान्यापाशी पेन अडला. कापसाची वेचणी चालू होती, मी शेतातून धावत आलो, तुझा हात गार पडला होता, हे सगळं आठवतं. तारीख आठवेना. कुठं लिहूनही ठेवली नव्हती. बायकोला विचारलं, पोराला फोन केला, कोणालाच सांगता येईना. शेवटी ज्याच्याविरुद्ध उद्या उभं राहायचं, त्याच्याच दारात गेलो. माझ्या हातातला कागद कशाचा आहे, हे त्यानं ओळखलं. तरी तारीख सांगितली, वारासकट, एका दमात. मी लिहून घेईपर्यंत तो दुसरीकडं बघत होता.

हे पत्र अर्जाच्याच घडीत ठेवतो आहे, याडी. तुझा अंगठा ज्यानं उठवला, त्याला तुझा दिवस पाठ होता. मला नव्हता.