सरळ केलेले डोळे

माय, मागच्या आठवड्यात लातूरला लोकांनी एका जित्या बाईला हार घातला, आणि तेव्हापासून तुझा फोटो मला बघवत न्हाई. अप्पांच्या खाटेवर टांगलेला तो. त्यात तुझं काय आहे गं? नाक, ओठ आणि हनुवटी. धड कुण्या कॅलेंडरातल्या बाईचं, आणि डोळे माझे. तुझा तिरळा डोळा त्यात परत बसवायचा असं मी ठरवलं होतं, ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसले.

घरात तुला चकणी म्हणणारे अप्पाच. लग्नाकार्यात फोटोवाला आला की म्हणायचे, "तू सरक बाजूला, फोटो नासून जाईल." तू हसत हसत कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन मांडवाच्या मागं जायचीस. जित्यापणी तुझा एक फोटो निघाला न्हाई. निघाला तो तू गेल्यावर. नवऱ्याच्या आधी गेलीस ना, म्हणून बायकांनी तुला न्हाऊ घातलं, हिरवा शालू नेसवला, हातभर चुडा, कपाळ भरून कुंकू, ओटी. "काय नशीब काढलं, अहेव गेली," म्हणत एकीनं तर तुझ्या कपाळाचं कुंकू स्वतःला लावून घेतलं. असला शालू तू दुकानाच्या काचेतच पाहिला असशील. मी कोपऱ्यात उभी होते, आणि खरं सांगते, मला तुझा हेवा वाटला. तेवढ्यात स्टुडिओवाला आला. पाटावर उभा राहून त्यानं वरून तुझ्या तोंडाचा फोटो घेतला आणि तिरडी बांधणाऱ्यांना म्हणाला, "थांबा हो, डोळे पाहिजेत." मग मला दारात, उजेडात उभं केलं. "पोरी, समोर बघ. रडू नको, डोळे लाल येतात." तेराव्याला तू भिंतीवर आलीस, नजर एकदम सरळ. मावशी म्हणाली, "किती देखणी दिसून राहिली माझी बहीण!" अप्पांनी मान डोलावली. त्यांना तू अशीच पाहिजे होतीस.

आता मी नांदेडात फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते, म्हणजे तोच धंदा. बाप्या गेला असला तर लोक गॉगलवाला, कानाला मोबाईल लावलेला फोटो आणतात. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तो आता सभेला निघाल्यासारखा उभा असतो. बाई असली तर म्हणतात, "जरा गोरी करा, सुरकुत्या काढा, नजर खाली घ्या." मी एक साडीतलं धड तयार ठेवलंय, त्यावर अर्ध्या जिल्ह्याच्या म्हाताऱ्या बसवल्यात. अजून एकाही लेकानं ओळखलं न्हाई की ही आपल्या आईची मान न्हाई.

तर लातूरच्या एका साडीच्या दुकानानं लग्नसराईच्या जाहिरातीसाठी पुण्याहून फोटोग्राफर बोलावला, आणि फोटो साफ करायचं काम आमच्याकडं आलं. विशीतली मॉडेल पोरगी, शालू नेसून झेंडूच्या पाकळ्यांत आडवी पडलेली, डोळे मिटलेले. फोटोग्राफर माझ्या मागं खुर्ची ओढून बसला. "ओठ थोडे निळसर करा. गालावरचा रंग उतरवा. बाई जिवंत वाटली की लोक बाईकडं बघतात, साडीकडं बघत नाहीत."

मी म्हणलं, "मारायचंच का मग हिला?"

"मॅडम, हे आर्ट आहे," म्हणून त्यानं मोबाईलवर परदेशातली चित्रं आणि जाहिराती दाखवल्या. पाण्यावर तरंगणाऱ्या बाया, जिन्याखाली पडलेल्या, गाडीच्या डिकीत कोंबलेल्या, आणि सगळ्यांच्या अंगावर महागाचे कपडे. मी विचारलं, "यात बाप्या एकबी पडलेला न्हाई?" तो म्हणाला, "पुरुष पडला तर अपघात वाटतो." मला हसू आलं, माय, लई दिवसांनी पोटातून हसू आलं. इतकी वर्षं मेलेल्यांचे डोळे उघडून पोट भरलं, आता जितीला मारून भरायचं. केले निळे ओठ. या कामाला माझा हात चांगला बसलाय.

लातुरात गंजगोलाईच्या चौकाअलीकडं होर्डिंग लागलं. दुकानाचं नाव त्यानं कोपऱ्यात बारीक टाकायला लावलं होतं, तेच नडलं. आपल्याकडं चौकात एवढी मोठी बाई कधी लागते? मेल्यावरच. भाजीला आलेल्या म्हाताऱ्या खाली उभ्या राहून हळहळल्या, "कुणाची गं लेक? अंगाची हळद पण निघाली नसंल." संध्याकाळपर्यंत खांबाला हार आणि बुडाशी उदबत्त्या. एक बाई तर दुकानात शिरून विचारती झाली, "जाळून मारली का वो?" मालकानं फोनवर आमच्या सात पिढ्या काढल्या. "साड्या विकायला सांगितलं होतं का माझ्या दुकानाचं दहावं घालायला? उद्याच्या उद्या डोळे उघडा तिचे!"

फोटोग्राफरनं उघड्या डोळ्यांचा एक फोटो काढलेला नव्हता, आणि आता तो फोन उचलीना. मग मी माझेच डोळे बाहेर काढले, त्या दिवशी दारात उभं करून घेतलेले. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी ते मागून आणले होते. तिला लावले, ओठ लाल केले. बसले की गं लगेच! नवं होर्डिंग लागलं आणि साडीच्या दुकानात गर्दी झाली. मावशी लातूरलाच असते, तिचा फोन आला, "अगं, त्या साडीवाल्या पोरीचे डोळे अगदी तुझ्या मायसारखे हायत. खाली उभी राहून रडले मी."

मी म्हणलं, "मावशी, माय तिरळी होती."

ती चिडली. "गेलेल्या माणसाला नावं ठेवतीस व्हय? कोण म्हणलं तिरळी? पाणीदार डोळे होते तिचे!"

रविवारी मुदखेडला, आपल्या घरी गेले. अप्पांना वाढता वाढता म्हणलं, "तुम्ही तिला चकणी म्हणून फोटोतून हाकलायचे." त्यांनी ताटातून मान वर केली न्हाई, नुसता घास धरलेला हात भिंतीकडं केला. "बघ की. कुठं हाय चकणी?" ताट उचलून त्यांच्या डोक्यात घालावं वाटलं मला. मी अजून एक भाकरी वाढली.

मग काल दुकानात कुणी नसताना तुझा फोटो उघडला. एक बुबुळ उचलून नाकाकडं सरकवायचं, एवढंच काम. अनोळखी बायांना मी रोज काय काय करते. डावं सरकवलं, तू दिसली न्हाईस. ते जागेवर ठेवून उजवं सरकवलं, तरी न्हाई. आठवायला गेले की चुलीपुढं बसून तू भाकरी थापतेस, मान वळवून विचारतेस, "अजून घेतीस का गं?" आवाज येतो, हात दिसतात, बांगडीला लागलेलं पीठ दिसतं. तोंडाकडं बघितलं की भिंतीवरची ती बाई, माझ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघणारी. कितीदा इकडं, कितीदा तिकडं केलं. शेवटी होतं तसं ठेवून कॉम्प्युटर बंद केला.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई. टाकता आलं असतं तर एवढं सगळं लिहिलंच नसतं, एका ओळीत विचारलं असतं. माय, डावा होता का उजवा? मला आठवत न्हाई.