कुत्र्याचं नाव

गुरुवार, १२ डिसेंबर

कुत्रा आला. जितेंद्रने दुपारी गाडीतून उतरून पट्टा माझ्या हातात दिला, "चार दिवस फक्त, सोमवारी नेतो" म्हणाला आणि चहाही न घेता पसार. बायकोच्या, काजलच्या भाचीचं लग्न यवतमाळला, घरचे झाडून सगळे निघालेत, त्याची आईसुद्धा. कार्यालयात कुत्रा चालत नाही. "नागपुरात भरवशाचा माणूस तूच," म्हणे. बावीस वर्षं टोरांटोत काढून तीन महिन्यांसाठी आला, तोही विमानात कुत्रा घेऊन, आणि भरवसा कोणावर, तर ज्याने जन्मात पोपटही पाळला नाही त्याच्यावर. कॉलेजातही माझ्या भरवशावर हा प्रॅक्टिकल बुडवायचा.

कुत्रा तपकिरी, कान लांब, अंगात लाल स्वेटर. सोबत सूचनांचे चार कागद. द्राक्षं नको, चॉकलेट नको, कांदा तर अजिबात नको. माया म्हणाली, "मंग तर्रीपोहे गेलेच बिचाऱ्याचे." चौथ्या कागदावर — याला एकटेपणा सोसत नाही, याच्याशी सतत बोलत राहा.

बोलायचं तर नाव हवं. मायाने चष्मा लावून गळ्यातला बिल्ला वाचला. इंग्रजीत तीन अक्षरं. ए, बी, ई.

"अबे," माया म्हणाली. मग माझ्याकडे पाहून जीभ चावली.

मी जितेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "अबे नाही, एब. तिकडे कॉमन नाव आहे."

मी कुत्र्याला एब म्हणून पाहिलं. चारदा. बँकेतला माणूस चुकलेल्या फॉर्मकडे पाहतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि झोपला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळी फिरवायला नेला. नेला कसला, त्यानेच मला नेला. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. "अबे, बॉल टाक ना बे!" — हा निघाला तिकडे. पिचवर जाऊन शेपटी हलवत उभा. भाजीवाला फोनवर बोलत होता, "अबे सुन तो सही" — हा त्याच्या गाडीसमोर हजर, तोंड वर करून ऐकतोय. पेपरवाला, पंक्चरवाला, गच्चीवरून कोणी खालच्याला ओरडणारा — सगळ्यांकडे जाऊन आला. या शहरात त्या शब्दाशिवाय वाक्य सुरू होत नाही हे मला एकसष्टाव्या वर्षी कुत्र्याने दाखवलं. घरी आलो तेव्हा खांदा निखळायचा बाकी होता.

जितेंद्रला पुन्हा फोन. तो हसत सुटला. म्हणे आई त्याला पहिल्या दिवसापासून अबेच म्हणते, आणि खायला तीच घालते, त्यामुळे त्याने नाव बदलून घेतलंय. "तू पण अबे म्हण ना, त्यात काय?"

"मी नाही म्हणणार."

"काहून?"

बावीस वर्षांत त्याचं बाकी सगळं बदललं, काहून तेवढं राहिलं. मी विषय बदलला.

त्याला नाही सांगितलं. इथे लिहून टाकतो, नाहीतर आत फिरतच राहणार.

पलीकडे रुपराव राहतो. एकाच ऑफिसात, एकाच टेबलाला समोरासमोर एकतीस वर्षं. या लेआउटमध्ये प्लॉटही लागून घेतले, मध्ये कमरेएवढी भिंत, ती पण दोघांनी मिळून बांधलेली. त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही, मी त्याला नाही. तो मला अबे, मी त्याला अबे. ऑफिसात शिपाई हसायचे — दोन अबे आले म्हणून.

पावणेदोन वर्षांपूर्वी आमच्या दीप्तीला पाहायला मुलाकडचे आले. रुपराव स्वयंपाकघरातून भज्यांचं ताट घेऊन बैठकीत आला, माझ्या हातातला कप पाहिला आणि म्हणाला, "अबे, पाहुण्यायले चहा देऊन राहिला का काढा?"

मुलाचे मामा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी कप खाली ठेवला. हळूच विचारलं, "शेजारी तुमच्याशी असं बोलतात?"

मामांचं चुकलं असंही म्हणवत नाही. त्यांच्या वडिलांना गावात ज्याने त्याने अबे म्हटलं असेल. माझ्या आजाला तर म्हटलंच, आणि ते काही मायेने नाही, जात पाहून. मामांच्या कानाला तेच ऐकू आलं. पण रुपरावचं अबे ते नव्हतं, आणि हे जगात मला एकट्याला पक्कं माहीत होतं. तरी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रुपरावजी, जरा माणसासारखं बोलत चला."

त्याने ताट ठेवलं. "बरं, धम्मदीपजी," म्हणाला आणि गेला. दीप्तीच्या लग्नाला आला, परक्यासारखा रांगेत उभा राहून हात जोडून गेला. तेव्हापासून नमस्कार, धम्मदीपजी. नमस्कार, रुपरावजी. बस.

मला तेव्हा लाज वाटली होती. आता त्या लाजेची लाज वाटते. माफी मागायची तर कोणत्या तोंडाने? 'रुपरावजी, माफ करा' म्हटलं तर भांडण पक्कंच होईल. आणि दुसरा शब्द तर मीच बंद केलाय.

शनिवार, १४ डिसेंबर

कुत्र्याने भिंत ओलांडली.

रुपराव अंगणात चटईवर तुरीच्या शेंगा निवडत बसला होता. गावच्या वावरातल्या. हा नेमका ढिगाऱ्यावर जाऊन बसला आणि शेंगा खायला लागला. मी भिंतीशी उभा — एब, एब, एब. ढिम्म हलेना.

"धम्मदीपजी, आपलं कुत्रं," रुपराव म्हणाला.

"हो. येईल तो."

"नाव काय याचं?"

"इंग्रजी आहे," म्हणालो.

त्याने खिशातून चष्मा काढला, वाकून बिल्ला धरला आणि एकेक अक्षर वाचलं. ए. बी. ई. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे नाव माह्या तोंडून निघत नाही," म्हणाला. "मले माणसासारखं बोलायले सांगितलं हाय."

आणि कुत्र्याला हात जोडून म्हणाला, "श्वानराव, आपण आपल्या घरी चलावं. आपली वाट पाहून राहिले."

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मला हसू आलं नाही. शेवटी भिंत चढून गेलो, कुत्र्याला कडेवर घेतलं, स्वेटरमधल्या शेंगा झटकल्या आणि फाटकातून परत आलो. पंधरा किलोचं जनावर. तोवर रुपराव शेंगाच निवडत होता.

रविवार, १५ डिसेंबर

आज कुत्रा हरवला होता. आधी हे लिहितो की सापडला, नाहीतर वाचताना माझाच जीव जाईल.

दुपारी गॅसवाला आला, फाटक उघडं राहिलं. अर्ध्या तासाने पाहतो तर पट्टा आहे, कुत्रा नाही. गल्लीभर एब एब करत फिरलो. माया मागून ओरडली, "अहो, अबे म्हणा ना! त्याले दुसरं काही समजते का?"

चौकात आलो. जितेंद्रचं तोंड डोळ्यांपुढे आलं. नागपुरातला भरवशाचा माणूस! डोळे मिटले आणि ओरडलो — अबे!

सहा जणांनी मागे पाहिलं. एक ऑटो थांबला. "क्या हुआ, काका?" उद्यापासून विधिमंडळाचं अधिवेशन, त्यामुळे चौकात बंदोबस्ताचा हवालदार. तो चालत आला.

"कोणाले म्हणून राहिले, काका?"

"कुत्र्याला."

"म्हणजे मी कुत्रा?"

मी त्याला जितेंद्र, टोरांटो, यवतमाळचं लग्न, सगळं सांगायला लागलो. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. हवालदाराने स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. त्याचा संशय वाढला.

तेवढ्यात स्कूटर येऊन थांबली. रुपराव. मायाने सांगितलं असणार. हवालदाराला म्हणाला, "नावच तसं हाय भाऊ, मी वाचलं हाय." मग माझ्याकडे न पाहता, "बसा, धम्मदीपजी."

मी मागे बसलो. तो चालवत होता, हाका मी मारत होतो. त्याच्या कानाशी तोंड, आणि अबे! अबे! पहिल्या तीन हाकांना तो मान वळवून "काय" म्हणणार होता. मला दिसलं. एकतीस वर्षांची सवय, ती काय जाते. चौथ्या हाकेपासून त्याने मान ताठ धरली. तास-दीड तास सगळा लेआउट पालथा घातला. मी इतक्यांदा तो शब्द ओरडलो की शेवटी घसा गेला, आणि खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मी कुत्र्याला शोधत नव्हतो.

कुत्रा मैदानामागच्या टपरीवर होता. मिहानातल्या कंपन्यांत कामाला जाणारी चार पोरं चहा पीत एकमेकांना अबे-अबे करत होती आणि हा मधोमध बसून प्रत्येकाला ओ देत होता. तोंडात टोस्ट.

रुपरावने त्याला पायांजवळ उभा केला, घरी आणला. फाटकाशी स्कूटर थांबली. हीच वेळ होती. घसा बसलेला, तरी तोंड उघडलं.

"धन्यवाद, रुपरावजी," मी म्हणालो.

जीभ हासडून टाकावी.

सोमवार, १६ डिसेंबर

कुत्रा गेला. जितेंद्रला अधिवेशनाच्या बॅरिकेडमुळे दोन तास उशीर झाला. आता सगळे रामदासपेठेत आईकडे. उद्या पहाटे विमान.

आवाज ऐकून रुपराव बाहेर आला. त्यानेच कुत्र्याला उचलून मागच्या सीटवर बसवलं, स्वेटर नीट केला, तुरीच्या शेंगांची पिशवी काजलच्या हातात दिली. "आपण येत जावं," कुत्र्याला म्हणाला. जितेंद्रने एब म्हणून हाक मारली, तर कुत्रा काचेतून आमच्याकडेच पाहत राहिला. गाडी वळली. आम्ही दोघं रस्त्यावर उभे. मग त्याने नमस्कार केला, मीही केला, आणि आपापल्या फाटकातून आत गेलो.

माया म्हणते, "कुत्र्याच्या निमित्तानं तरी तोंड उघडलं होतं तुमचं. आता काय बहाणा?"

घर फार शांत वाटतं. सोफ्याखाली एक शेंग सापडली. खाल्ली.

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. घसा अजून बसलेलाच. हाक मारली — अबे!

रुपराव तोंड धूत होता. वर न पाहता म्हणाला, "कुत्रं तं काल गेलं ना, धम्मदीपजी?"

"हो, गेलं."

त्याने नळ बंद केला. टॉवेलने तोंड पुसलं. दोनदा पुसलं.

"मंग कोणाले आवाज देऊन राहिला बे?"